पंचविसावा हिस्सा

खोक्यावरचं चित्र नवंकोरं,
लाल ट्रक, मागे डोंगर, वर निळंशार आकाश.
"असं आकाश मी कधी पाहिलंच नाही," रेयो म्हणाला,
"वायपरच्या दोन फेऱ्यांत दिसेल तेवढंच."
आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यानं वर्तमानपत्र अंथरलं.

त्याला आता पाच महिने झाले.
आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवतो.

डेकलचा कागद जुना, पिवळा पडलेला.
न्हाणीघराच्या दक्षिणेच्या खिडकीला त्यानं तो चिकटवला,
ऊन पिवळेपणा खातं म्हणे.
थंडर बेमध्ये जानेवारीचं ऊन
पाहुण्यासारखं येतं, कोटसुद्धा न काढता निघतं.
तरी रोज घासभर खाऊन गेलं.
मार्चमध्ये त्याच्या कंपनीचं नाव
बशीतल्या पाण्यात सुटून तरंगलं,
आणि त्यानं श्वास रोखून ते दारावर सरकवलं.
कंपनी बुडाली त्याला वीस वर्षं झाली.

दाराची मूठ तांदळाच्या दाण्याएवढी.
ती चिमट्यातून उडाली, गालिच्यात गेली,
आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिच्यामागे रांगू लागला.
मी व्हॅक्यूमच्या नळीला जुना पायमोजा बांधला.
जाळीला चिकटून आली मूठ,
एक सुई,
आणि तीन वर्षांमागे गेलेल्या मांजराचे केस.
केस मी टाकले नाहीत. कुठे ठेवले ते सांगणार नाही.

मग नव्या ट्रकला म्हातारं करणं सुरू झालं.
पांढरा खडू किसून चाकांवर रस्त्याचं मीठ,
स्पंजच्या तुकड्यानं गंज, टिपून टिपून.
सुरी तापवून डाव्या मडगार्डला पोचा पाडला:
सत्त्याहत्तर साल, अपसालाच्या अलीकडे, मूस हरीण.
मला हे आजच कळलं.
तेव्हा घरी फोनवर म्हणाला होता, रस्ता मोकळा आहे.

"आउने, केबिनमधला पडदा कुठल्या रंगाचा होता?"
मीच शिवलेला. स्वयंपाकघराच्या पडद्यातलं उरलेलं कापड,
मोहरीसारखं पिवळं.
गाठोड्यात तुकडा निघाला, मी दिला.
त्यानं लावून पाहिला आणि मान हलवली.
कापड लहान कापता येतं, पातळ होत नाही.
एवढ्याशा खिडकीत ते गोधडीसारखं दिसतं.
शेवटी चहाची पिशवी फोडली, वाळवली, रंगवली,
आणि तो अगदी माझा पडदा झाला.

मी रात्री कागदावर हिशोब मांडला.
मी अडीच इंचांची.
आमचं घर त्या बुटाच्या खोक्याएवढंही नाही.
चाळीस वर्षं तो बाहेर होता,
पंचवीसने भागली तर एक वर्ष, सात महिने.
एवढं तर कुणीही वाट पाहील.

छत चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून आत डोकावले.
ड्रायव्हरची सीट झिजलेली, भेगाळलेली, कडेला तेलकट,
एकेक सुरकुती त्यानं ब्रशच्या एका केसानं काढलेली.
शेजारची सीट खोक्यातून निघाली तशी.
"हिला रंग राहिला."
"राहिला नाही," तो म्हणाला. "तिथे कोण बसलं?"

बसले होते. एकदाच. निपिगॉनपर्यंत,
त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, गाडी बंद पडली म्हणून.
वळणावर माझ्या हातातली कॉफी सांडली,
आणि तो त्या सीटचं काही बोलला नाही,
नुसता हीटर वाढवला.

तो सॉनाला गेल्यावर मी टूथपिक घेतली,
तपकिरी बाटलीचं झाकण उघडलं.
हात थरथरला, डाग जरा मोठाच पडला.
पंचवीसने गुणला तर
अख्खा थर्मास सांडल्यासारखा.

सकाळी टेबलाशी आले तर छत चिकटलेलं होतं,
रबरबँडनं आवळून, कपड्यांचे दोन चिमटे लावून.
रेयो ओट्यापाशी उभा, राईच्या पावाला लोणी लावत.
"आज हात लावू नकोस," म्हणाला, "सुकू दे."
खोक्यात अजून दोन चाकं उरली आहेत. कुठली, त्याला माहीत नाही.